'नुसता बसून तर असतो!' – कामाचा भार मोजायचा तरी कसा?

सचिव_नाइलाजाने

मंडळी, जरा डोकं चालवा, आमचं सगळ्यांचं बंद पडलंय.

बोरिवलीत तीन विंगांची सोसायटी. परवाच्या सर्वसाधारण सभेत वॉचमनच्या पगारवाढीवरून अशी जुंपली की समोसे गार झाले. आमच्याकडे पाळीला तीन माणसं. एक गेटवर. दुसरा फिरता: राउंड मारायचे, पंप चालू-बंद करायचा, टँकर आला की पाइप ओढायचा, आणि म्हाताऱ्या मंडळींचे वीस लिटरचे पाण्याचे जार दारापर्यंत पोचवायचे. लिफ्ट बंद असली तरी. तिसरा केबिनमध्ये, समोर दोन स्क्रीन, त्यावर ३२ कॅमेऱ्यांचे चौकोन.

बी विंगमधले एक गृहस्थ उठून म्हणाले, "फिरत्याला वाढवा, माझी ना नाही. केबिनवाल्याला कशाला? नुसता बसून तर असतो, तोही पंख्याखाली." टाळ्या पडल्या. पुढच्याच विषयात मात्र पार्किंगमधून सायकल गेली त्याची चर्चा निघाली आणि हेच गृहस्थ म्हणाले, "स्क्रीनवर चोर चालत गेलेला दिसतो, हा काय करत होता? याच्या पगारातून कापा." म्हणजे काम काहीच नाही आणि जबाबदारी सगळी!

माझा प्रश्न साधा आहे. अंगमेहनतीचं काम आणि नजर ठेवायचं काम एकाच तराजूत तोलता येतं का? कोणी कामानिमित्त हे मोजलं असेल तर सांगा. पुढच्या मीटिंगला काहीतरी घेऊन जायचंय.

चहाबिस्किट

आमचा साहेबही नुसता बसून असतो. पंखाच काय, एसी आहे. पगार कापायचा ठराव कुठे मांडायचा?

तुर्भेकर

वडील माथाडी होते. आधी मशीद बंदर, मग बाजार वाशीला गेला तसे आम्हीही खाडी ओलांडून आलो. त्यामुळे अंगमेहनतीबद्दल दोन शब्द.

लोकांना वाटतं भार म्हणजे किलो. गोणी ५० ची की १०० ची, एवढंच. वडील कधीच वजनावरून तक्रार करायचे नाहीत, ते थप्पीवरून करायचे. गोणी ट्रकच्या फाळक्यावरून थेट पाठीवर आली तर ती 'चढलेली' असते, माणूस फक्त चालतो. तीच गोणी जमिनीवरून उचलायची, किंवा थप्पीच्या वरच्या थरावर फेकायची, की जीव जातो. शिवाय फळी ओली असेल तर पायाची बोटं रोवत चढायचं. त्यांच्या दोन्ही अंगठ्यांची नखं कायम काळी असत.

पुढची गोष्ट टोळीची. टोळी चांगली तर काम हलकं. कोणाची कंबर धरली असेल तर मुकादम त्याला त्या दिवशी वर उभं करायचा, लोखंडी आकडा लावून गोणी सरकवायला, वाहायला नाही. हे कुठल्या कागदावर नव्हतं, पण मोजमाप होतंच.

१९६९ चा माथाडी कायदा झाला, अण्णासाहेब पाटलांनी माणसं एकत्र बांधली, म्हणून निदान बोर्ड, भविष्यनिर्वाह निधी, दवाखाना मिळाला. ५० किलोच्या वर गोणी नको यासाठी मात्र पुढेही भांडावं लागलं. तुमच्या वॉचमनांसाठी असाच १९८१ चा सुरक्षा रक्षक कायदा आहे, त्याचंही मंडळ आहे. तुमची माणसं मंडळाची की एजन्सीची?

सचिव_नाइलाजाने

@तुर्भेकर, एजन्सीची. बारा-बारा तासांच्या पाळ्या. हो, माहितीये, आता सगळे मलाच धरणार.

नाठाळ

धरणारच. बारा तासांचा प्रश्न बाजूला ठेवून 'शास्त्रीय पद्धत आहे का' विचारणं ही खास मध्यमवर्गीय कला आहे. (हलके घ्या.)

मोजपट्टी

हा माझ्या रोजच्या भाकरीचा विषय, म्हणून लांब लिहितो. कंटाळा आला तर पुढे सरका.

आधी अंगमेहनत. उचलण्याच्या कामासाठी अमेरिकेतल्या नायॉश या, कामगारांच्या सुरक्षिततेवर संशोधन करणाऱ्या संस्थेचं एक सूत्र आहे, १९८१ मध्ये आलं, १९९१ मध्ये सुधारलं. सुरुवात २३ किलोंपासून होते. म्हणजे सगळं आदर्श असेल, वस्तू अंगालगत, कंबरेच्या आसपासच्या उंचीवर, धरायला चांगली पकड, तर २३. मग जसजशी परिस्थिती बिघडते तसतसा हा आकडा कापत जायचा. तुमचा जार घेऊ. जमिनीवर ठेवलाय, आणि मधे पायरी असल्यामुळे हात पुढे करून, अंगापासून ५० सेंटीमीटरवरून उचलावा लागतोय. अंतरासाठी निम्मा कापला. जमिनीवरून उचलतोय म्हणून उरलेल्याचा आणखी जवळजवळ पाव गेला. राहिले साधारण ९ किलो. जार आहे २० चा. म्हणजे सुचवलेल्या मर्यादेच्या दुपटीहून जास्त, आणि अजून आपण कंबर वळवणं, घाई, निसटती पकड धरलेलीच नाही. तोच जार टेबलाच्या उंचीवर, अंगालगत मिळाला तर हिशोब बराच सुधारतो. तुर्भेकरांचे वडील 'चढलेली गोणी' म्हणायचे ते हेच.

गंमत पुढे आहे. हे सूत्र दोन हातांनी उचलण्यापुरतं. डोक्यावरून वाहणं, जिना चढणं, ओढणं यांना लागू नाही. आणि ते तयार करणाऱ्यांनी हवामानाची अटही घातली: तापमान साधारण १९ ते २६ अंश, आर्द्रता ३५ ते ५० टक्के. मुंबईत असा दिवस कोणाला आठवत असेल तर कळवा.

दुसरी पद्धत शरीरालाच विचारायची. नाडी मोजा. किंवा माणसाला विचारा. स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांची ६ ते २० अशी पट्टी आहे. 'किती दमछाक होतेय' याचा आकडा माणूस सांगतो, त्याला दहाने गुणलं की ढोबळमानाने नाडीच्या ठोक्यांच्या जवळ जातं. म्हणून तर ती विचित्र ६ पासून सुरू होते. निरोगी जवान माणूस स्वस्थ बसला की नाडी साठच्या आसपास.

नजरेच्या कामाचं उद्या लिहितो, बस आली.

चहाबिस्किट

बसमध्ये उभं राहून मोबाइलवर एवढं टाइप करणं हा किती भार? पट्टीवर सांगा.

रात्रपाळी

अतिदक्षता विभागात नर्स आहे, मुंबईतल्याच एका मोठ्या हॉस्पिटलात. दोन्ही प्रकारचं काम एकाच अंगावर असतं म्हणून लिहितेय.

पेशंटला दर दोन तासांनी कूस बदलून द्यायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. ऐंशी किलोचा बेशुद्ध माणूस स्वतःला जराही उचलत नाही. मावशी असल्या तर दोघी मिळून चादरीसकट सरकवतो, नसल्या तर एकटी. हे झालं दिसणारं काम.

न दिसणारं काम म्हणजे आवाज. मॉनिटर, व्हेंटिलेटर, सिरिंज पंप, प्रत्येकाचा सूर वेगळा. बहुतेक वेळा कारण फालतू: पेशंटने हात हलवला आणि बोटावरचं प्रोब निघालं. तरी दर वेळी मान वळतेच. पहाटे तीन-चारला अशी अवस्था येते की आवाज ऐकू येतो पण 'पोचत' नाही. नवीन मुलींना मी सांगते, अलार्म बंद करताना बोट बटणावर आणि डोळे पेशंटवर ठेवायचे, स्क्रीनवर नाही.

घरी गेल्यावर पाय दुखतात त्याचं मला काही वाटत नाही. झोपेत टिंग-टिंग वाजत राहतं, ते नको वाटतं.

ठाण्याची_काकू

रात्रपाळी ताई, दंडवत. अगदी पोचलं.

अवांतर: कुकरच्या शिट्ट्या मोजणं, दुधावर लक्ष, बेल वाजली तर दार, सासूबाईंच्या गोळ्या, आणि ह्यांचं 'माझा चष्मा कुठेय' हे सगळं एकाच वेळी. याला कोणती पट्टी?

नाठाळ

काकू, चष्म्याच्या वाक्यासाठी वेगळा भत्ता मागा.

मोजपट्टी

आता उरलेलं. नजर ठेवण्याचं काम हलकं नाही हे कळायला एक महायुद्ध लागलं. ब्रिटिश हवाईदलात रडारवर बसणारी माणसं समुद्रातल्या पाणबुड्या शोधायची. डोळे उत्तम, प्रशिक्षण उत्तम, तरी ठिपके सुटत होते. नॉर्मन मॅकवर्थ नावाच्या मानसशास्त्रज्ञाने प्रयोग केला, तो १९४८ मध्ये छापून आला. एक घड्याळासारखी तबकडी, काटा दर सेकंदाला एक उडी मारतो. अधूनमधून तो एकदम दुप्पट उडी मारतो. ती दिसली की कळ दाबायची. बस, एवढंच. दोन तास. पहिल्या अर्ध्या तासानंतरच चुकणाऱ्या उड्या वाढल्या. अर्धा तास काम, अर्धा तास सुट्टी असं केलं तर घसरण थांबली. आणि मधेच फोन करून 'जरा लक्ष दे' असं म्हटलं तर काही वेळ कामगिरी परत वर गेली.

सायकलवाल्या गृहस्थांना हे सांगा. बारा तास ३२ चौकोन पाहणाऱ्या माणसाकडून सायकल सुटली यात नवल काही नाही.

मोजायचं म्हणाल तर १९८८ मध्ये नासाच्या सँड्रा हार्ट आणि लोवेल स्टेव्हलँड यांनी एक कोष्टक प्रसिद्ध केलं, नासा टीएलएक्स. सहा गोष्टी विचारतात: डोक्याला ताण किती, अंगाला किती, वेळेची घाई किती, काम कितपत जमलं, त्यासाठी किती झटावं लागलं, आणि वैताग किती आला. प्रत्येकाला शून्य ते शंभर. कागद-पेन पुरतं. हे कोष्टक नजर ठेवण्याच्या कामांना लावलं तेव्हा डोक्याचा ताण आणि वैताग हे दोन आकडे चांगलेच वर निघाले. पूर्वी समज होता की अशा कामात माणूस कंटाळून ढिला पडतो. आता मानतात की काही घडत नसताना लक्ष धरून ठेवणं हीच मोठी मेहनत आहे.

क्ष-किरण

मोजपट्टींना दुजोरा. काही काळ विमानतळावर सामानाच्या एक्स-रे मशीनवर होतो. तिथे साधारण वीस मिनिटं झाली की माणूस बदलतात, मग अंगाची झडती, मग पट्ट्यावर सामान सरळ करणं, असं फिरवतात.

अजून एक युक्ती असते. मशीन मधूनमधून खऱ्या बॅगेच्या चित्रात खोटी बंदूक किंवा सुरी घुसवतं. तुम्ही बटण दाबलं की सांगतं, 'हे नकली होतं, शाबास.' नाही दाबलं तर नोंद होते. पहिल्यांदा राग येतो, आपल्यावर विश्वास नाही म्हणून. मग लक्षात येतं की हजारो बॅगांत काहीच सापडत नाही तेव्हा डोळा 'काही नसणारच' असं गृहीत धरायला लागतो. खोट्या बंदुकीमुळे तो जागा राहतो.

धागाकर्ते, तुमच्या कोणीतरी मेंबरने ठरवून लाल छत्री घेऊन पार्किंगमधून जायचं आणि केबिनवाल्याने वहीत लिहायचं. खेळ म्हणून करा, सापळा म्हणून नको.

चहाबिस्किट

लाल छत्री घेऊन बी विंगवाल्यांनाच फिरवा. व्यायाम होईल.

लालबागचा_म्हातारा

तुमची चर्चा वाचून हसू आलं. कारण ही भानगड आपल्या गिरणगावात शंभर वर्षांपूर्वी झालेली आहे, नासा जन्माला यायच्या आधी.

विणकर काय करतो? साचा, म्हणजे माग, वीजेवर चालतो, विणकर स्वतः कापड विणत नाही. तो उभा राहून बघतो. तार तुटली की साचा थांबवायचा, गाठ मारायची, परत चालू करायचा. सुताची कांडी संपली की बदलायची. म्हणजे निम्मं काम हाताचं, निम्मं नजरेचं, आणि सगळं उभ्याने, दमट खात्यात. हवा मुद्दाम दमट ठेवायची, नाहीतर सूत तुटतं. मुंबईत एक विणकर दोन साचे सांभाळायचा. मालक म्हणाले, तीन सांभाळ, यंत्रच तर चालतंय, तू नुसता उभा असतोस. कताई खात्यात एका माणसाला यंत्राच्या एका बाजूऐवजी दोन बाजू. १९२८ चा मोठा संप पेटला त्यामागे हे एक मुख्य कारण होतं. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत गिरण्या बंद. त्याच संपातून लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन मोठी झाली. मग फॉसेट कमिटी बसली, कामाचा बोजा किती हे ठरवायला.

मी स्वतः साचाखात्यात होतो, '८२ च्या संपापर्यंत. जाणता विणकर सांगेल की साच्यांची संख्या हा भार नाहीच. सूत कसं आहे ते बघा. चांगल्या सुतावर चार साचे परवडतात, सडक्या सुतावर दोन जिवावर येतात. आणि सूत खरेदी करणारा साहेब कधी खात्यात फिरकत नाही. तार तुटली की शिव्या मात्र विणकराला, आणि कापडात दोष निघाला की पैसे त्याचेच कापणार.

३२ चौकोनांचं म्हणत होता ना? त्यातले किती कॅमेरे धड दिसतात?

सचिव_नाइलाजाने

काका, तुम्ही नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. आत्ता खाली जाऊन बघून आलो. सहा चौकोन काळे आहेत. दोनांवर झाडाच्या फांद्या. पार्किंगच्या कोपऱ्यातल्या कॅमेऱ्यावर कोळ्याने जाळं केलंय, रात्री ते पांढरं चमकतं. गार्ड म्हणाला, "साहेब, वहीत लिवलंय की." वहीत खरंच आहे. खाली आधीच्या सचिवांची सही पण आहे.

नाठाळ

सडकं सूत.

डीसीएस_दादा

चेंबूरच्या पट्ट्यात एका केमिकल प्लँटच्या कंट्रोल रूममध्ये आहे. बाहेरून बघाल तर तुमच्या केबिनवाल्यासारखाच: खुर्ची, एसी, आठ स्क्रीन. आमची मंडळी शिफ्ट निवांत गेली तर म्हणतात 'काहीच झालं नाही', आणि तेच आमचं यश असतं. फील्डवरचा ऑपरेटर व्हॉल्व्ह फिरवून घामाघूम होऊन आत येतो आणि टोमणा मारतो. पण त्याला माहिती असतं की कशाला हात लावला. माझ्यासमोर फक्त आकडे.

अलार्मचा एक अंदाज आमच्या क्षेत्रात मानला जातो: नेहमीच्या चालू स्थितीत दहा मिनिटांत सरासरी एकापेक्षा कमी अलार्म असेल तर एक माणूस ते नीट हाताळू शकतो. गडबड झाल्यावर पहिल्या दहा मिनिटांत दहाच्या आत. प्रत्यक्षात गडबड झाली की धबधबा लागतो. अमेरिकेत थ्री माइल आयलंडच्या अणुभट्टीत २८ मार्च १९७९ ला पहिल्या काही मिनिटांतच शंभरावर अलार्म वाजले होते. खरा कोणता आणि त्याच्या मागोमाग आलेले कोणते, हे त्यातून शोधायचं.

म्हणून भार मोजताना सरासरी काढू नका. माझी सरासरी काढलीत तर बी विंगवाले म्हणतील तेच निघेल.

स्लो_लोकल

निवृत्त मोटरमन. दादांच्या शेवटच्या ओळीला सलाम.

लोकलच्या केबिनमध्ये मोटरमन एकटा असतो, गार्ड मागच्या टोकाला, मधे बारा डबे. एका हाताखाली हँडल, ते दाबूनच धरायचं. सोडलं तर गाडीला वाटतं माणूस गेला, आणि ब्रेक लागतात. पुढे सिग्नल, रूळ ओलांडणारे, दारात लोंबकळणारे, प्लॅटफॉर्मच्या कडेला मोबाइलवाले. धीमी गाडी असेल तर दोन-तीन मिनिटांत परत स्टेशन. लोकांना वाटतं फास्ट गाडी अवघड. मला उलट वाटायचं. धीम्या गाडीत हाताला काम असतं, वेळ जातो. दुपारची रिकामी फास्ट, ऊन डोक्यावर, सगळे हिरवे सिग्नल, तेव्हा डोळ्यावर झापड यायला बघते. मी तर सिग्नल मोठ्याने बोलायचो, ऐकायला कोणी नसलं तरी. जपानमध्ये बोट दाखवून बोलतात म्हणे, ते मला उशिरा कळलं.

आणि एक. गाडीखाली माणूस आला की त्या दिवसाचा भार कोणी कुठल्या कोष्टकात लिहीत नाही. यावर जास्त लिहीत नाही.

रात्रपाळी

काका, 🙏

मोजपट्टी

स्लो लोकल काका, हिरव्या सिग्नलचा मुद्दा पुस्तकात आहे तसाच आहे. काम फार जास्त झालं तरी माणूस घसरतो, फार कमी झालं तरी घसरतो.

कमी खर्चात मानसिक भार ओळखायची एक जुनी रीत सांगतो, दुसरं काम सोबत देऊन बघायचं. रिक्षात बसा. गप्पिष्ट रिक्षावाला सरळ रस्त्यावर राजकारण सांगत असतो. जंक्शन आलं, उजवीकडे वळायचं, समोरून बस: वाक्य अर्ध्यावर तुटतं. वळला की 'तर काय सांगत होतो' म्हणून परत सुरू. जिथे बोलणं थांबलं तिथे डोकं पूर्ण गुंतलेलं होतं. प्रयोगशाळेत हेच करतात, फक्त राजकारणाऐवजी आकडे उलटे मोजायला लावतात.

ठाण्याची_काकू

आमचे भाऊजी डबेवाले होते त्यांची आठवण झाली. लाकडी पाटीत चाळीसेक डबे, साठ किलोच्या पुढे वजन, डोक्यावर. लगेज डब्यात चढायचं ते गर्दीत. पण ते म्हणायचे वजनाचं काही नाही, दादरला जोडणी चुकली की पुढचं सगळं चुकतं. डब्यावरचा रंग-आकडा वाचायला अर्धा सेकंद, आणि गाडी थांबणार नाही. वर सांगायचे, डोक्यावरचं ओझं कळतंच नाही. मला ते फुशारकी वाटायची.

मोजपट्टी

काकू, पूर्ण फुशारकी नाही. केनियातल्या डोक्यावर ओझं वाहणाऱ्या बायकांवर १९८६ मध्ये अभ्यास छापून आला. स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापर्यंत ओझं असताना त्यांना चालायला जास्तीची शक्ती लागतच नव्हती. त्यापुढे मात्र लागते, आणि साठ किलो म्हणजे त्याच्या कितीतरी पुढे. मानेचे मणके तर हिशोब ठेवतातच.

क्ष-किरण

बसून काम करणाऱ्यांसाठी आणखी एक. १९५३ मध्ये लंडनच्या बसवाल्यांचा अभ्यास आला. ड्रायव्हरांना हृदयविकार जास्त, दिवसभर डबलडेकरचा जिना चढणाऱ्या कंडक्टरांना कमी. म्हणजे 'आरामाचं' काम महाग पडलं. आपली जुनी डबलडेकर १५ सप्टेंबर २०२३ ला बंद झाली, नाहीतर बेस्टमध्येही बघता आलं असतं.

नाठाळ

पुढचं पण सांगा की. नंतर त्याच संशोधकांनी युनिफॉर्मच्या मापांच्या नोंदी काढल्या, तर ड्रायव्हर नोकरीला लागतानाच कंबरेने जाड निघाले. दोष खुर्चीचा किती आणि पोटाचा किती, यावर वाद झाला. आकड्यांवर लगेच भाळू नये.

आणि माझा मूळ आक्षेप कायम आहे. समजा मोजलंत. केबिनवाल्याचा भार ७०, फिरत्याचा ६५. पगार पाच रुपयांनी जास्त देणार का? की 'बघा, दोघंही शंभराच्या आत आहेत' म्हणून बारा तास चालू ठेवणार?

मोजपट्टी

नाठाळ, आक्षेप मान्य. हे आकडे पगार ठरवायला बनवलेलेच नाहीत, काम कुठे सुधारायचं ते दाखवायला आहेत.

यात लालबागच्या काकांचं म्हणणं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. १९७९ मध्ये रॉबर्ट कॅरासेक यांनी मांडलं की ताण फक्त मागणीवर ठरत नाही. काम किती मागतं, आणि ते कसं-केव्हा करायचं यात माणसाला किती मोकळीक आहे, या दोन्हींवर ठरतो. मागणी जास्त, मोकळीक कमी, हे सर्वांत वाईट. माथाडीच्या टोळीत मुकादम काम फिरवून देत होता. विणकराला सुतावर काही बोलता येत नव्हतं. धागाकर्ते, मीटिंगच्या आधी तुमच्या माणसांनाच विचारून बघा ना. सहा ओळींचा कागद आहे.

तुर्भेकर

आणि विचारताना कमिटीचा माणूस समोर उभा करू नका. मालकासमोर कोणता हमाल म्हणतो पाठ दुखते?

सचिव_नाइलाजाने

विचारलं. मी नाही, मुलीने विचारलं, ती कॉलेजात सोशल वर्क शिकते आणि त्यांच्याशी तिचं बरं जमतं. कागदावर सहा रेघा, दोन्ही टोकांना 'अजिबात नाही' आणि 'लई', त्यांनी टिंब काढायचं.

फिरत्याने अंगमेहनतीला बऱ्यापैकी वर टिंब दिलं, पण वैताग जवळजवळ शून्यावर. म्हणाला, राउंड मी माझ्या हिशोबाने मारतो, पंपाच्या खोलीत दोन मिनिटं टेकतो, जार घेऊन गेलो की आजी लाडू देतात. टँकरचा पाइप फक्त जड आहे आणि तो गळका आहे, तेवढा बदला.

केबिनवाल्याने अंगमेहनतीला आधी शून्य दिलं, मग थांबून अर्ध्यावर नेलं: गुडघे आखडतात. डोक्याला ताण वर. वैताग रेघेच्या पार टोकाला, टिंब कागदाबाहेर गेलंय. कारण मात्र स्क्रीन नाहीत! इंटरकॉम. तीन विंगा, रात्री साडेआठ ते दहा जेवण मागवायची वेळ, प्रत्येक डिलिव्हरीवाल्यासाठी फोन लावायचा, लोक उचलत नाहीत, वर तोच बोलणी खातो. त्यात गेटचं बटणही त्याच्याकडे. सायकल गेली ती वेळ काढली: नऊ वाजून दहा.

आणखी एक गोष्ट लाज वाटायला लावणारी. लघवीला जायचं तर गेटवाल्याला बोलवावं लागतं. कमिटीच्या एका मेंबरने केबिन रिकामी बघून एकदा फोटो ग्रुपवर टाकला होता. तेव्हापासून तो संध्याकाळी पाणीच पीत नाही.

रात्रपाळी

हे आमच्याकडेही चालतं. पाणी न पिणं. मुतखडा झाला की कळतं. कृपया हे आधी सोडवा, पगाराचं नंतर.

डीसीएस_दादा

इंटरकॉम काढून गेटवर द्या. नजरेचं काम आणि फोनचं काम एका माणसाला एकाच वेळी द्यायचं नसतं. २६/११ नंतर राम प्रधान समितीने शहरात कॅमेरे लावायला सांगितले, २०१६ मध्ये पाच हजारांच्या घरात कॅमेऱ्यांचं जाळं सुरू झालं. तिथेही सगळे चौकोन कोणी एक माणूस बघत बसत नाही, बघूही शकणार नाही. तुम्ही ३२ पैकी पाच निवडा: गेट, मागचं गेट, पार्किंग, टाकी, लिफ्टची लॉबी. बाकीचे रेकॉर्डिंगला.

चहाबिस्किट

आणि तिघांना दोन-दोन तासांनी फिरवा. केबिन, गेट, राउंड. संपला प्रश्न.

सचिव_नाइलाजाने

संपला कुठला! फिरता म्हणतो, केबिनमध्ये बसवलंत तर नोकरी सोडतो, मला गुदमरतं. केबिनवाला पन्नाशीचा, जार घेऊन जिना नको म्हणतो. शेवटी गेट आणि केबिन यांची अदलाबदल होणार, दर दोन तासांनी. फिरता फिरताच राहणार. जारवाल्यालाच सांगितलंय की जार थेट घरात पोचव. तो जाराला दहा रुपये जास्त मागतोय, त्यावरून वेगळी मीटिंग आहे. इंटरकॉम गेटवर हलवायचं कोटेशन मागवलं. काळे चौकोन दुरुस्त होणार.

पगारवाढ तिघांना सारखी मंजूर झाली. आठ तासांच्या पाळीचा ठराव पडला. तिसऱ्या पाळीच्या तीन माणसांचा खर्च ऐकून टाळ्या वाजवणारे गप्प झाले.

नाठाळ

म्हणजे बारा तास कायम.

सचिव_नाइलाजाने

सध्या कायम. पुढच्या सभेत परत मांडणार आहे. कोणाच्या सोसायटीने आठ तास केलं असेल तर दरमहा माणशी किती वाढले ते सांगा, मला आकडा हवाय.

लालबागचा_म्हातारा

आमच्या चाळीच्या जागी टॉवर झाला तिथे आहे आठ तास. खर्च विचारून सांगतो. कोळ्याचं जाळं काढलंत का?

सचिव_नाइलाजाने

काढलं काका. गार्डनेच काढलं, झाडूला काठी बांधून. आता शिडी कोणी ठेवायची यावरून ए विंग आणि सी विंग.

चहाबिस्किट

वाचतोय. पॉपकॉर्न आणतो.